बाबा, बायसन आणि वास्केसूचं तळं

आई-बाबांचं आमच्याकडे कॅनडात सास्काटूनला यायचं ठरलं, तेव्हा बाबांनी फोनवर एकच चौकशी केली. "तिकडं खरा बायसन बघायला मिळंल का रं?" नायगारा नाही, रॉकी पर्वत नाही, फक्त बायसन.

त्याचं कारण आहे. बाबा राधानगरीच्या जंगलात वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. दाजीपूरला येणारी मंडळी अजूनही 'बायसन सँक्चुरी' म्हणूनच चौकशी करतात, पण तिथे बायसन नाही, गवा आहे. इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला बायसन म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बाबांनी पुरी नोकरी येणाऱ्याजाणाऱ्याला हा फरक समजावून सांगण्यात घालवली, आणि स्वतः खरा बायसन पाहिला तो फक्त चित्रात.

म्हणून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही पाच दिवस प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात काढले. मी, बायको, सहा वर्षांची लेक आणि आई-बाबा. या उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे ३,८७५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्याएवढं. दक्षिणेकडची सपाट शेती इथे संपते आणि बोरियल, म्हणजे थंड प्रदेशातलं, जंगल सुरू होतं. स्प्रूस, पाइन, अ‍ॅस्पेन, आणि दर थोड्या अंतरावर एक तळं.

पहिला दिवस: सास्काटून ते वास्केसू

सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता. प्रिन्स अल्बर्ट शहरापर्यंत पिवळ्याधमक कॅनोलाची शेतं. आईला ती मोहरी वाटली आणि तिचं फारसं चुकलं नाही, दोन्ही एकाच कुळातली. वाटेत एका शेतावर सास्काटून बेरी विकायला होत्या. जांभळ्या, करवंदाहून थोड्या लहान. आईने एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "करवंदाचा आंबटपणा काढून घेतलाय." दोन डबे घेतले. शहराचं नाव या फळावरून पडलंय आणि फळाचं नाव क्री या मूलनिवासी भाषेतून आलंय, हे सांगितल्यावर तिने पुढची बेरी जरा सावकाश खाल्ली.

वास्केसू हे उद्यानातलं गाव. क्रीमध्ये या शब्दाचा अर्थ लाल हरीण, म्हणजे एल्क. गावाला लागूनच बीव्हर ग्लेन कॅम्पग्राउंड आहे. तिथे आम्ही ओटेंटिक घेतला होता. हा अर्धा तंबू, अर्धी झोपडी. लाकडी जमीन, आत पलंग. आईचे गुडघे जमिनीवर झोपण्याइतके राहिलेले नाहीत, त्यामुळे दुसरा पर्यायच नव्हता. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हाच घ्यावा, पण जुलै-ऑगस्टची आरक्षणं हिवाळ्यातच सुरू होतात आणि लवकर भरतात.

संध्याकाळी साडेनऊ वाजून गेले तरी आकाश उजळच. लेक झोपायला तयार होईना, "अजून दिवस आहे" हा तिचा मुद्दा बरोबरच होता. जेवण झाल्यावर भांडी, तेल, मीठ, साबण, सगळं गाडीत बंद करून ठेवायचं असतं, अस्वलासाठी. आई कुरकुरणार असं मला वाटलं होतं. पण बाबा स्वतः उठून चुलीभोवती सांडलेली भाताची शितं वेचायला लागले. म्हणाले, "अस्वलाला एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते अस्वल मेलंच समज. मारावं लागतं."

रात्री एक-दीडच्या सुमाराला आईने मला हलवून उठवलं. "बाहेर बाई रडतीय कुणीतरी." मीही ऐकलं. तळ्यावरून लांबलचक, चढत जाणारा आवाज, मग थांबून पुन्हा. तो लून पक्षी होता. इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर त्याचंच चित्र आहे, म्हणून त्या नाण्याला सगळे 'लूनी' म्हणतात. तोवर बाबा बाहेर जाऊन उभे राहिले होते. अर्धा तास आत आले नाहीत. डास चावून त्यांचे कान लाल झाले होते, तरी चेहरा खुललेला.

दुसरा दिवस: दलदल

सकाळी गावात एक एल्क रस्त्याच्या कडेला निवांत चरत होती. लेकीने पिशवीतलं सफरचंद काढलं तसा बाबांनी तिचा हात धरला. पाडसं असतात तेव्हा माद्या फार तापट असतात, निदान तीस मीटर लांब राहा असं उद्यानाच्या पत्रकातही आहे.

मग बाउंड्री बॉगची पायवाट. जेमतेम दोन किलोमीटर, बरीचशी लाकडी फळ्यांवरून. आईही सहज चालली. पाच दिवसांतली एकच पायवाट सुचवायची तर मी हीच सुचवेन. पायाखाली जमीन नाही, स्फॅग्नम शेवाळाची जाड गादी. मधोमध एक काळंभोर छोटं तळं, आणि कडेकडेने ती गादी पाण्यावर तरंगते. काळे स्प्रूस आमच्या खांद्याएवढे, पण त्यांतले काही माझ्या आजोबांहून म्हातारे. पाणी आंबट, थंड, आणि पोषणद्रव्यं नसल्यासारखीच. त्यात झाड वाढणार तरी किती?

इथे बाबा एकदम खाली बसले. फळीच्या कडेला घटपर्णी होती, पाण्याने भरलेले तांबडट पेले. पेल्याच्या आतले केस खाली वळलेले, म्हणजे किडा उतरू शकतो, चढू शकत नाही. पण बाबा तिच्यासाठी बसले नव्हते. तिच्या पलीकडे शेवाळात बोटाच्या नखाएवढी, लाल केसांवर चिकट थेंब असलेली पानं होती.

"दवबिंदू!" बाबा म्हणाले. "अरे, ही आपल्या सड्यावरची."

जात वेगळी, पण कूळ तेच. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात कातळावरच्या पातळ मातीत ही वनस्पती उगवते. तिथेही मातीत कस नाही, म्हणून किडे खाते. एकीकडे रापणारा जांभा, दुसरीकडे वर्षातले पाच-सहा महिने गोठलेली दलदल, आणि दोन्हीकडे तोच उपाय. बाबांनी लेकीला जवळ बोलावून थेंबात अडकलेलं चिलट दाखवलं. ती दोघं तिथून हलेपर्यंत आम्ही बाकीचे डासांचं जेवण झालो.

डासांबद्दल एकदाच सांगून टाकतो. जूनचा उत्तरार्ध आणि जुलै हा त्यांचा भर. फवारा चालतो, पण चेहऱ्यावर घ्यायची जाळीची टोपी खरी कामाची. फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

दुपारी वास्केसूच्या वाळूत लेक आणि बायको पाण्यात उतरल्या. पाणी थंडगार. समोरून सात-आठ पांढरे पेलिकन एका ओळीत पाण्याला पोट टेकवतील इतके खालून गेले. उद्यानाच्या वायव्य टोकाला लव्हाली नावाच्या तळ्यावर त्यांची मोठी वीण-वसाहत आहे. पक्ष्यांना त्रास नको म्हणून तिकडे कोणालाही जाऊ देत नाहीत. "हे बरं केलंय," बाबा म्हणाले.

तिसरा दिवस: किंग्समिअर ओलांडून

माझा एक सहकारी प्रिन्स अल्बर्टचा, लहानपणापासून या तळ्यांवर मासे धरणारा. त्याच्या छोट्या मोटरबोटीतून बाबांना आणि मला किंग्समिअर तळ्याच्या उत्तर टोकाला न्यायचं त्याने कबूल केलं होतं. होडी कुठलीही असो, अगदी हवा भरायची असली तरी, पाण्यात टाकण्याआधी ती तपासून घ्यावी लागते. झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव एकदा तळ्यात शिरले की निघत नाहीत. मासे धरायचे तर राष्ट्रीय उद्यानाचा परवाना वेगळा, सास्काचेवान प्रांताचा चालत नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. नदीच्या उथळ भागात होडी चालत नाही. तिथे तिला रुळांवरच्या हातगाडीवर चढवायचं आणि झाडीतून ढकलत पलीकडे न्यायचं. हे फार मजेशीर काम आहे. सहासष्ट वर्षांचे बाबा "जरा लावा जोर" म्हणत सगळ्यांत पुढे. किंग्समिअर त्या वेळी आरशासारखं होतं.

उत्तर टोकावरून तीनेक किलोमीटर चाललं की अजवान तळं आणि त्याच्या काठावर ग्रे आउलची झोपडी. किंग्समिअरच्या काठाकाठाने गाडीतळापासून चालत आलात तर एका बाजूने वीस किलोमीटर होतात. बहुतेक लोक वाटेत मुक्काम करून येतात.

ग्रे आउल १९३१ मध्ये इथे आला आणि १९३८ मध्ये वारला. त्याने पूर्वी सापळे लावून बीव्हर, म्हणजे पाण्यात राहणारे, झाडं कुरतडणारे प्राणी, मारले होते. ते सोडून तो त्यांचा राखणदार झाला, पुस्तकं लिहिली, इंग्लंडभर व्याख्यानं दिली. लोक त्याला मूलनिवासी समजत, तो स्वतः तसंच सांगे. मेल्यावर उघड झालं की तो इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा आर्चिबाल्ड बेलेनी. झोपडी एका खोलीची. तळ्याच्या बाजूला भिंतीखालून बीव्हरांनी आपलं घर आत आणलं होतं. जेली रोल आणि रॉहाइड ही त्याची जोडी चिखल-काटक्या घेऊन थेट खोलीत यायची.

मागे चढावर तीन कबरी आहेत. त्याची, त्यांच्या मुलीची, आणि अ‍ॅनाहेरिओची. ही त्याची पत्नी, मोहॉक या मूलनिवासी जमातीतली. सापळ्यात आई मेलेली बीव्हरची दोन पिल्लं वाचवू या, असा हट्ट तिने धरला आणि तिथून तो बदलला. बाबांना मी हे सगळं वाटेत सांगितलं होतं. ते तिच्या कबरीपाशी जास्त वेळ थांबले. "खोटं नाव लावलं ते वाईटच," म्हणाले, "ज्यांचं नाव लावलं त्यांच्यावर तो अन्याय. पण सापळा टाकायला लावला तो हिनं. पाटीवर तिचं नाव मोठं पाहिजे होतं." मला पटलं, अजूनही पटतं.

झोपडीत अभिप्रायाची वही आहे. बाबांनी चष्मा लावून मराठीत लिहिलं. नाव, मग "निवृत्त वनपाल, राधानगरी", आणि खाली "जागा नीट ठेवली आहे. आभार." वनखात्यात शेरा लिहावा तसं, तारीख-वारासह.

परत किनाऱ्यावर आलो तर तळं ओळखू येईना. वाऱ्याने पाण्यावर पांढऱ्या फेसाळ लाटा उठल्या होत्या. सहकाऱ्याने एक नजर टाकली आणि बूट काढून बसला. "आज निघायचं नाही, वारा पडेपर्यंत." मोबाइलला रेंज नाही. आईला दुपारी दोनला येतो म्हणून सांगितलेलं.

तिथे रेजायनाहून आलेल्या दोन बायका होत्या, सत्तरीच्या आसपासच्या, मैत्रिणी. कनूतून आलेल्या आणि आमच्यासारख्याच अडकलेल्या. त्यांतली एक निवृत्त शाळामास्तरीण. तिने तव्यावर बॅनक, म्हणजे इथला जाडसर पाव, भाजायला घेतला. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, चरबी, बस. बाबांनी खिशातून स्टीलची डबी काढली. कांदा-लसूण चटणी. मला ठाऊकच नव्हतं की ती ते घेऊन फिरतात. त्यांनी बॅनकच्या तुकड्याला चटणी लावून बाईंना दिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला. मग बाबा मराठीत आणि त्या इंग्रजीत, असा तास-दोन तास वाघ, लांडगे आणि शाळेतली पोरं यांवर गप्पा झाल्या. मी दुभाषा होतो, पण मधूनमधून माझी गरजच पडत नव्हती.

साडेसातला वारा पडला. तंबूशी पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. आई बाकावर बसून होती, डोक्यावर जाळीची टोपी, मांडीवर झोपलेली नात. काही बोलली नाही. उठून तिने भाकरी गरम केली, बाबांच्या ताटात वाढली आणि तिचा हात क्षणभर ताटावरच राहिला.

किंग्समिअरवर जाणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पहाटे निघा. होडी काठाकाठाने हाका, मधून कापू नका. आणि घरच्यांना सांगताना वेळ नको, "वारा पडला की येऊ" एवढंच सांगा.

चौथा दिवस: धूर

उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर रात्रीत खाली आला. सूर्य संत्र्याच्या फोडीसारखा. आईला खोकला लागला, म्हणून सकाळभर गावातच बसलो. बेकरीतला दालचिनीचा बन एवढा मोठा की पाच जणांत दोन पुरले. निघण्याआधी हवेच्या गुणवत्तेचा अंदाज रोज बघा, विशेषतः दमा असेल तर.

बाबांचा दिवस मात्र वाया गेला नाही. कॅम्पजवळ जॅक पाइन होते. त्याची फळं राळेने घट्ट मिटलेली असतात आणि बरीचशी वणव्याच्या आचेनेच उघडतात. आग सरली की उघड्या राखेवर बी पडतं आणि एका वयाचं नवं रान उभं राहतं. उद्यानवाले काही भागांत ठरवून आग लावतात, हेही बाबांना फलकावरून मी वाचून दाखवलं. वणवा पसरू नये म्हणून जन्मभर जाळरेषा काढणारा हा माणूस, उन्हाळ्यात घरी आला तरी अंगाला धुराचा वास असायचा. त्यांनी ते मिटलेलं फळ झाडावरच बोटांनी चाचपून पाहिलं. "आमच्याकडं आग माणूस लावतो," एवढंच म्हणाले.

पाचवा दिवस: पश्चिमेकडे

बायसन वास्केसूला दिसत नाहीत. हे आधीच माहीत असावं, नाहीतर निराशा होते. ते उद्यानाच्या नैऋत्य कोपऱ्यात स्टर्जन नदीच्या बाजूला असतात आणि वास्केसूहून तिकडे सरळ रस्ता नाही. उद्यानाबाहेर पडून शेतांमधून मोठा वळसा घालावा लागतो. शेवटचा रस्ता खडीचा, पाऊस झाला की चिखल. पेट्रोल भरून, पाणी आणि डबा घेऊनच जा, तिथे दुकान नाही.

हा कळप आपोआप आलेला आहे. १९६९ मध्ये एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानातून सुमारे पन्नास बायसन आणून या उद्यानाच्या उत्तरेला सोडले होते. त्यांतले काही दक्षिणेला भटकत आले आणि इथल्या माळावर त्यांनी मुक्काम केला. फेस्क्यू गवताचा असा माळ आता फार थोड्या ठिकाणी उरलाय. एके काळी संख्या चारशेच्या वर गेली होती, नंतर बरीच घटली. २००८ मध्ये अँथ्रॅक्स रोगाने काही दगावले. लांडगे आहेतच. आणि कळप कुंपणात नसल्यामुळे बाहेर शेतात गेला की बंदुकीच्या टप्प्यात येतो. हे ऐकताना बाबा मान हलवत होते. राधानगरीचा गवाही उसात उतरतो. ज्याचं पीक तुडवलं जातं त्याचं दुःख आणि जनावराचं दुःख, दोन्ही त्यांनी जवळून पाहिलंय.

आई, बायको आणि लेक गाडीजवळ सावलीत थांबल्या. मी आणि बाबा चालत निघालो. पंधरा मिनिटांत बाबा माझ्या पुढे गेले आणि मला मागे ठेवून चालायला लागले, लहानपणी दाजीपूरला नेत तसे. मधूनच चिमूटभर सुकी माती सोडून वारा बघत. आधी शेण सापडलं, गाईच्या शेणासारखंच, वर पापुद्रा धरलेला. "कालचं." मग बशीसारखा खड्डा, गवत घासून गेलेलं, धूळ मऊ. इथे ते लोळतात. मग अ‍ॅस्पेनच्या खोडावर खांद्याच्या उंचीला गुळगुळीत झालेली साल. बाबांनी मला हाताने थांबवलं.

दोन नर होते. चारशेक मीटरवर, उताराच्या पलीकडच्या गवतात. जुलै-ऑगस्ट हा त्यांच्या माजाचा काळ, त्यामुळे शंभर मीटरच्या आत जायचा विचारसुद्धा करू नये. आम्ही होतो तिथेच बसलो. दुर्बीण बाबांकडे.

"गवा कसा तुकतुकीत असतो," बाबा कुजबुजत होते, "तेल लावल्यागत. पायात पांढरे मोजे. ह्याला बघ, पुढून घोंगडी पांघरलीय आन् मागनं उघडा." थोड्या वेळाने, "डोकं किती खाली. गवा पाला खातो, मान वर करतो. ह्याला गवतच लागतं." मी म्हटलं, हिवाळ्यात बर्फ डोक्याने दोन्हीकडे लोटून खालचं गवत काढतात, म्हणून खांद्यावर तो उंचवटा, सगळे स्नायू. बाबांनी दुर्बीण खाली घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावली.

एक नर लोळला. धुळीचा लोट उठला आणि वाऱ्याने आमच्याकडे आला. पाऊण तासाने दोघे सावकाश अ‍ॅस्पेनच्या आड गेले. बाबा बराच वेळ उठले नाहीत.

परतताना त्याच घासलेल्या खोडापाशी ते थांबले. सालीच्या भेगेत तपकिरी लोकरीचा एक पुंजका अडकला होता. त्यांनी तो अलगद काढला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. मऊ होता, मीही हात लावून पाहिला.

"न्यायला चालतं का रं हे?"

"नाही बाबा. उद्यानातून काहीच न्यायचं नसतं."

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी ती भेग पुन्हा शोधली, आणि पुंजका होता तसा, होता तिथे, अंगठ्याने दाबून बसवला.